आतड्याला लेप देणारं जेल, आणि तुमच्या हातातल्या गोळीचं कवच

रावेर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे:

"वय ३१, वजन ६२ किलो, केळीची शेती. तीन वर्षांपूर्वी दुर्बिणीने तपासल्यावर मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला अल्सरेटिव्ह कोलायटिस निघाला. मेसालामाइनच्या १.२ ग्रॅमच्या दोन लांबोड्या गोळ्या रोज घेतो. घशात अडकतात म्हणून मोडून घेतो. कधी कधी गोळीचं टरफल संडासात तसंच दिसतं. रात्रीचा एनीमाही दिला होता, पण पाच मिनिटंसुद्धा आत राहिना, चार दिवसांत सोडला. तीन आठवडे झाले, दिवसातून पाच-सहा वेळा जावं लागतं, रक्त आणि आव पडते. घड वाहून कंबर धरली म्हणून मेडिकलवरून डायक्लोफिनॅक घेतो आहे. पुण्याच्या चुलतभावाने व्हिडिओ पाठवलाय: आतड्याला आतून चिकटणारं जेल, आल्यापासून काढलेलं नॅनो औषध, उंदरांची आतडी आठवड्यात बरी. इकडे एकजण स्टेम सेलचं अडीच लाखांचं पॅकेज सांगतोय. गोळ्या बंद करून यातलं काही करावं का? आणि आमच्याकडच्या मे महिन्यात ही औषधं ठेवायची कुठे?"

भाऊ, गोळ्या बंद करू नका. व्हिडिओतलं जेल आज तुम्हाला कुठल्याही मेडिकलवर मिळणार नाही. जे आज मिळतं, ते तुमच्याकडे आधीच आहे, फक्त ते मोडून घेतल्यामुळे आणि अर्ध्यावर सोडल्यामुळे त्याचा उपयोग होत नाहीये. बाकीचं सगळं सविस्तर सांगतो, पण आधी तातडीचं.

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होणं. तीन आठवडे रक्त पडणं म्हणजे हा आजार उसळलाय. या आठवड्यातच तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना भेटा. रोज सकाळी उठल्यावर, अंथरुणातच, मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा आणि ताप बघा. दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच होत असेल आणि त्याबरोबर नाडी ९०च्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली असेल, तर हा गंभीर झटका समजतात. त्यात त्याच दिवशी दवाखान्यात भरती व्हायचं, उद्यावर ढकलायचं नाही. पोट फुगून टणक झालं तरी तेच. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी अशा वेळी स्वतःच्या मनाने अजिबात घेऊ नका. सुजलेल्या आतड्याची हालचाल बंद पडून ते फुगत जाण्याचा धोका असतो.

डायक्लोफिनॅक आजच थांबवा. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी आतड्याचं अस्तर दुखावतं आणि काही रुग्णांत कोलायटिस उसळतो. तुमचं दुखणं नेमकं त्याच काळात वाढलंय, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. कंबरेसाठी शेक घ्या, गरज पडली तर पॅरासिटामॉल घ्या. शौचाची तपासणीही सांगतील, ती टाळू नका. उसळीसारखं दिसणारं दुखणं कधी कधी जंतुसंसर्ग असतं आणि त्याचा उपचार अगदी वेगळा.

आता मूळ प्रश्न. बायोमटेरियल म्हणजे शरीराला सोसेल असा पदार्थ, जो औषध धरून ठेवतो, योग्य जागी पोचवतो किंवा जखमेला आधार देतो. नाव नवं वाटतं, पण तुमच्या गोळीत ते आहे.

सूज उतरवणारं हे मेसालामाइन नुसतं, कवचाशिवाय गिळलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच बरंचसं रक्तात शोषलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. हे औषध काम करतं ते आतड्याच्या आतल्या बाजूने, अस्तराला भिडून. रक्तातून फिरून त्याचा फारसा उपयोग नाही. म्हणजे औषध मोठ्या आतड्यापर्यंत न उलगडता न्यायचं, हाच सगळा खटाटोप. तुमच्या रानात ठिबक कशासाठी टाकलंय? पाटाने सोडलेलं पाणी वाटेतच मुरतं, नळीतून नेलेलं खोडाशी पडतं. गोळीचं कवच ही ती नळी. गोळी मोडणं म्हणजे विहिरीजवळच नळी कापणं.

हे कवच मेथाक्रिलेट जातीच्या बहुवारिकाचं (पॉलिमरचं) असतं. जठरातल्या तीव्र आम्लात ते विरघळत नाही. लहान आतडं संपत येतं तिथे आम्लता उतरून पीएच (आम्लतेचं माप; आम्ल कमी तसा हा आकडा वर) सातच्या आसपास पोचतो, तेव्हा ते सुटायला लागतं. काही कंपन्यांच्या औषधात प्रत्येक बारीक दाण्याला इथिल सेल्युलोजचा पापुद्रा असतो, त्यातून औषध वाटभर हळूहळू झिरपतं. तुमची १.२ ग्रॅमची गोळी बहुधा तिसऱ्या जातीची आहे: वर पीएचवर सुटणारं आवरण आणि आत मेणासारखा व सेल्युलोजसारखा पदार्थ कालवून केलेला गाभा. पाणी लागलं की हा गाभा फुगून चिकट जेल होतो आणि मोठ्या आतड्यातून पुढे सरकताना थोडंथोडं औषध सोडत जातो. चुलतभावाने पाठवलेल्या व्हिडिओत ज्या हायड्रोजेलचं, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलचं, कौतुक आहे, त्याचा एक साधा, वर्षानुवर्षं वापरलेला भाऊबंद तुम्ही रोज दातांनी किंवा सुरीने मोडताय.

म्हणून गोळी अखंड घ्या, जेवणाबरोबर, पूर्ण ग्लासभर पाण्याने. आधी दोन घोट पाणी पिऊन घसा ओला करा, गोळी जिभेवर आडवी नाही तर लांबीने ठेवा, मान मागे टाकण्याऐवजी हनुवटी किंचित खाली घ्या आणि गिळा. तरी जमत नसेल तर मोडू नका, डॉक्टरांना दाण्यांच्या पुडीबद्दल विचारा. ते दाणे जिभेवर टाकून पाण्याने गिळायचे असतात, चावायचे नसतात, नाहीतर पुन्हा तीच गत. गोळीच्या वेळेला इनो, खायचा सोडा किंवा अँटासिडचं पातळ औषध घेऊ नका. त्याने पोटातला पीएच वर जातो आणि कवच भलत्या ठिकाणी सुटू शकतं.

टरफलाबद्दल घाबरायचं कारण नाही, पण बघायचं असतं. काडीने दाबून पाहा. पोकळ, मऊ, रिकामं निघालं तर औषध आत पडलंय आणि कवच तेवढं बाहेर आलंय. घट्ट, भरलेली, अख्खी गोळी निघाली, आणि तेही आठवड्यात दोन-तीनदा, तर ते डॉक्टरांना कळलंच पाहिजे. जुलाब जोरात असले की गोळी कवच सुटायच्या आत वाहून जाते. शिवाय सुजलेल्या मोठ्या आतड्यात काही रुग्णांचा पीएच नेहमीपेक्षा खाली उतरतो, मग पीएचवर अवलंबून असलेलं कवच वेळेवर उघडत नाही. या अडचणीवर युरोपात १६०० मिलीग्रॅमची मेसालामाइनची एक गोळी निघाली. तिच्या आवरणात पीएचवर सुटणाऱ्या पदार्थाबरोबर स्टार्चही मिसळलेला असतो. पीएचने दगा दिला तरी मोठ्या आतड्यातले जंतू तो स्टार्च खाऊन कवच उघडतात. कच्च्या केळ्यातही असा न पचणारा स्टार्च असतो, पण म्हणून हिरवी केळी खाऊन गोळीचं काम होणार नाही. स्टार्च तिथे कुलूप म्हणून वापरलाय, औषध म्हणून नाही.

मात्रेचंही विचारा. तुम्ही दिवसाला २.४ ग्रॅम घेता. आजार उसळल्यावर ती ४.८ ग्रॅमपर्यंत वाढवता येते, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, कारण या औषधावर असताना क्रिएटिनिन आणि लघवी अधूनमधून तपासावी लागते. क्वचित कुणाच्या मूत्रपिंडावर परिणाम होतो.

आता एनीमा. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि सुधारायला सगळ्यात सोपीही. तुमचा आजार डाव्या बाजूला आहे, म्हणजे गुदाशयापासून वर चढत गेलेला. तिथे औषध खालून पोचवणं हा सरळ रस्ता. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आतडं बरंच वरपर्यंत सुजलेल्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम मेसालामाइन पोटातून दिलं. निम्म्यांना त्याबरोबर १ ग्रॅमचा एनीमा दिला, निम्म्यांना औषध नसलेला एनीमा. आठ आठवड्यांनी आजार शांत झाला तो औषधाचा एनीमा घेणाऱ्या १००पैकी ६४ जणांचा, दुसऱ्या गटात ४३ जणांचा. कुठल्याही नॅनो जेलपेक्षा हा फरक मला तुमच्यासाठी मोलाचा वाटतो, कारण तो माणसांत मिळालाय.

एनीमा पाच मिनिटांत बाहेर का येतो? गुदाशय सुजलेला असला की तो ताणायला नकार देतो, थोडं पाणी गेलं तरी आवळतो. त्यात बाटली फ्रीजमधून थेट काढलेली असेल, एका झटक्यात दाबली असेल किंवा आधीची शौच आत शिल्लक असेल, तर तो लगेच उलटवणारच. तेव्हा असं करा.

झोपण्याआधी शौचाला जाऊन या. बाटली कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं उभी ठेवा. मनगटावर लावून पाहिली तर गारही नाही, गरमही नाही, इतपत. उकळत्या पाण्यात किंवा गॅसजवळ ठेवू नका. मग अर्धा मिनिट जोरात हलवा, कारण औषध तळाशी बसतं. न हलवता दाबलं तर पाणी आत जातं आणि निम्मं औषध बाटलीत राहतं. गादीवर जुना टॉवेल टाका, हे औषध कपड्याला लागलं की डाग जात नाही. डाव्या कुशीवर झोपा, डावा पाय सरळ, उजवा गुडघा छातीकडे. उतरतं आतडं डावीकडेच असल्याने औषध आपोआप तिकडे ओघळतं. नळीच्या टोकाला थोडं व्हॅसलीन लावा, बेंबीच्या दिशेने हळूच सरकवा, आणि बाटली एक ते दोन मिनिटं घेत सावकाश दाबा. कळ आली तर थांबा, तोंडाने श्वास सोडा, कळ गेली की पुढे. बाटली दाबलेलीच ठेवून बाहेर काढा, हात सैल केला तर औषध परत बाटलीत ओढलं जातं. मग अर्धा तास त्याच कुशीवर पडून राहा. रात्रभर राहिलं तर उत्तम, पण पहिल्या आठवड्यात अर्धा-एक तास राहिलं तरी वाया गेलं असं समजू नका.

६० मिली एकदम सोसत नसेल तर पहिले काही दिवस निम्मंच घेऊन हळूहळू वाढवू का, असं डॉक्टरांना विचारा. किंवा आधी दहा-बारा रात्री १ ग्रॅमची गुदवर्ती (गुदद्वारातून आत सरकवायची वडी, सपोझिटरी) घ्या. ती गुदाशयापुरती काम करते, पण तिथली आवळण कमी झाली की एनीमा राहायला लागतो. जिथे मिळतो तिथे फेसाचा एनीमाही चांगला. फेस अस्तराला चिकटून राहतो, वाहून येत नाही. व्हिडिओतल्या जेलचं तत्त्व तेच, फक्त साधेपणाने. दमा असेल किंवा सल्फाइटची ॲलर्जी असेल तर एनीमा सुरू करण्याआधी सांगा, काही एनीमांत टिकाऊपणासाठी सल्फाइट घातलेलं असतं.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण खान्देशात तो पहिला आहे. गुदवर्तीचा गाभा चरबीसारख्या पदार्थाचा, अंगाच्या उष्णतेने वितळावा म्हणूनच केलेला. रावेर-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. तिथे ती पाकिटातच पाणी होते, आणि रात्री पुन्हा घट्ट झाली तरी औषध सगळीकडे सारखं पसरलेलं राहत नाही. २५ अंशांच्या खाली ठेवा, म्हणजे उन्हाळ्यात फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्यात नको. शहरातून आणताना गाडीच्या डिक्कीत टाकू नका, दुपारच्या उन्हात डिक्कीची भट्टी होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, संध्याकाळी आणा. एनीमाचं औषध पांढुरकं ते फिकट बदामी असतं. गर्द तपकिरी झालेली बाटली टाकून द्या.

आता तुमच्या व्हिडिओकडे येतो. त्यातलं विज्ञान खोटं नाही, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या संशोधकांनी अस्कॉर्बिल पाल्मिटेटचं जेल केलं. हे क जीवनसत्त्व आणि एका स्निग्धाम्लापासून बनतं, खाद्यपदार्थांतही वापरतात. सुजलेल्या अस्तरावरचा बुळबुळीत थर झडलेला असतो आणि तिथे धन विद्युतभाराची प्रथिनं साचतात. या जेलचे तंतू ऋण भाराचे, म्हणून ते नेमके सुजेला चिकटतात, निरोगी भागाला फारसे नाही. सुजेच्या जागी जी विकरं (एन्झाइम) जास्त असतात, तीच जेलला कुरतडतात आणि आत भरलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुटतं. म्हणजे जिथे जास्त सूज, तिथे जास्त औषध, आणि बाकी शरीरात स्टिरॉइड कमी. उंदरांना ते एनीमानेच दिलं होतं, आणि कोलायटिसच्या रुग्णांच्या काढलेल्या तुकड्यांनाही ते चिकटतं हे प्रयोगशाळेत तपासलं. फार हुशारीचं काम आहे. पण तुकड्याला चिकटणं म्हणजे माणूस बरा होणं नव्हे.

याच वाटेवरची आणखी कामं आहेत. सुजेच्या जागी तयार होणाऱ्या ऑक्सिजनच्या दाहक रेणूंनी फुटणारे थायोकीटलचे कण २०१० साली उंदरांना तोंडावाटे दिले. २०२०मध्ये हायलुरॉनिक आम्लाला पित्तातलं बिलिरुबिन जोडून केलेले कणही उंदरांवर तपासले. आणि आल्याचं म्हणाल तर २०१६ साली आल्यापासून सुमारे २३० नॅनोमीटरचे कण वेगळे काढून उंदरांना पाजले आणि त्यांचा कोलायटिस कमी झाला. हे कण आल्याचा रस यंत्रात प्रचंड वेगाने फिरवून, थर थर वेगळे करून काढतात. आल्याचा रस काचेच्या ग्लासातून पिण्याशी त्याचा संबंध नाही, आणि उसळीच्या दिवसांत आल्याचा रस पोटात आग करेल तो वेगळाच.

उंदीर आठवड्यात बरे झाले, मग माणूस का नाही? कारण उंदरांना हा आजार होत नाही, तो लावावा लागतो. बहुतेक प्रयोगांत त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम नावाचा पदार्थ साधारण आठवडाभर मिसळतात. अस्तर सोललं जातं, रक्त पडतं. आणि पाणी साधं केलं की औषध न देताही ते पुष्कळसं भरून येतं. तुमच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारशक्ती स्वतःच अस्तरावर उलटलेली असते, ती पाणी बदलून थांबत नाही. उंदराचं मोठं आतडं वीतभरही नसतं, तुमचं जवळपास दीड मीटर. त्यात दिवसाला सहा वेळा धुतलं जाणारं. आतड्याचा बुळबुळीत थर सतत नवा होतो आणि चिकटलेलं घेऊन वाहून जातो. शिवाय नॅनो कण कारखान्यात प्रत्येक खेपेला त्याच आकाराचे, त्याच भाराचे करणं अवघड, आणि हे औषध वर्षानुवर्षं घ्यायचं असल्याने ते कुठे साठतं, हेही बघावं लागतं. ही वाट लांबची आहे. त्या वाटेवर उभं राहून आजच्या गोळ्या फेकून देणं धोक्याचं.

अडीच लाखांच्या पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एक रुपयाही देऊ नका. स्टेम सेलचा, म्हणजे मूळ पेशींचा, विचार झाला तो मुख्यत्वे क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारातल्या गुदमार्गाजवळच्या भगंदरासाठी. तुम्हाला क्रोन्स नाही, भगंदरही नाही. ज्यांना आहे, त्यांच्यासाठी सांगतो. चरबीपासून काढलेल्या पेशींचं एक औषध युरोपात २०१८ साली मंजूर झालं, पण दुसऱ्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा सिद्ध झाला नाही आणि २०२४च्या अखेरीस ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं. डुकराच्या लहान आतड्याच्या अस्तराखालच्या थरापासून केलेली भगंदराची बुचंही मिळतात. क्रोन्सच्या रुग्णांवरच्या २०१६च्या चाचणीत बुच घातलेल्यांपैकी ३१.५ टक्क्यांचं भगंदर बंद झालं, पू वाहता राहावा म्हणून भगंदरात घातलेला दोरा नुसता काढून टाकलेल्यांपैकी २३.१ टक्क्यांचं. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. फायब्रिनचा (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा) गोंद थोडा बरा ठरला, आठ आठवड्यांनी ३८ टक्के विरुद्ध १६, पण ज्यांना लागू पडला नाही ते तरीही जास्तच. भगंदरात बायोमटेरियल फसतं त्याचं कारण बहुधा एकच: आत पू शिल्लक असतो. घाण साफ न करता बीळ बुजवलं की ती दुसरीकडून वाट काढते. म्हणून आधी एमआरआय, पू काढणं, दोरा घालणं आणि आतड्याची सूज औषधाने उतरवणं, मग बाकीचं.

आपल्याकडे आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या काही ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त चाचणीतच देता येतात. विकत घ्यायचं पॅकेज म्हणून नाही. कुणी "चाचणी आहे" म्हणाला तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा आणि त्या संकेतस्थळावर टाकून बघा. मराठीतलं माहितीपत्रक, नीतिमत्ता समितीचं नाव, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, हे लेखी मागा. खऱ्या चाचणीत तपासायच्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पैसे मागितले तिथेच उठून या.

गोळी नीट, एनीमा नीट, आणि तरीही दहा ते चौदा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर पुढची पायरी चढायची, वाट बघत बसायचं नाही. ब्युडेसोनाइडची ९ मिलीग्रॅमची एक गोळी तुमच्या गोळीसारख्याच जेलच्या गाभ्यात येते, मोठ्या आतड्यातच सुटते, त्यामुळे स्टिरॉइडचा बाकी शरीराला त्रास कमी. ती पुरली नाही तर प्रेडनिसोलोन, साधारण ४० मिलीग्रॅमपासून, मग दर आठवड्याला ५ मिलीग्रॅम कमी करत. हे मधेच तोडायचं नाही, आणि बरं वाटतं म्हणून पुढे ओढतही राहायचं नाही. स्टिरॉइड कमी केलं की प्रत्येक वेळी आजार उसळत असेल, तर ॲझाथायोप्रिन किंवा टोफासिटिनिबच्या गोळ्या, नाहीतर इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन, हा विषय डॉक्टर काढतील. इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे ५ मिलीग्रॅम असतं, म्हणजे तुमच्या ६२ किलोला ३१० मिलीग्रॅम. कुपी १०० मिलीग्रॅमची, तेव्हा तीन लागतील की चार, हे खर्चाचं गणित मांडताना आधीच विचारा. पहिलं, मग पहिल्यापासून दोन आठवड्यांनी दुसरं, पहिल्यापासून सहा आठवड्यांनी तिसरं, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, हिपॅटायटिस बीचीही. दबलेला टीबी या औषधाने उफाळतो, आणि आपल्या भागात तो पुष्कळांच्या अंगात झोपलेला असतो. ही इंजेक्शनं २ ते ८ अंशांत राहायला हवीत. नाशिकहून किंवा मुंबईहून आणताना थर्मासच्या डब्यात आइस पॅक ठेवा, पण इंजेक्शन आणि बर्फ यांच्यामध्ये फडक्याची जाड घडी हवी. गोठलं की प्रथिन बिघडतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

खाण्याचं फार ताणू नका. उसळी आहे तोवर ठेचा, शेवभाजीची तर्री, कळण्याची भाकरी आणि वांग्याच्या बिया पोटाला जड जातील. मऊ भात, मुगाचं वरण, दही सोसत असेल तर दही, पिकलेली केळी चालतील. पण उसळी शमल्यावर भरीत-भाकरी परत सुरू करा. वर्षानुवर्षं पथ्यावर राहून वजन आणि ताकद गमावलेले रुग्ण आजाराने नाही, पथ्याने खंगतात. रक्त गेलंय, तेव्हा हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. लोह कमी असेल तर ते भरून काढायचं.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद घेऊन जा: गेल्या आठ दिवसांत रोज किती वेळा, त्यात किती वेळा रक्त, रात्री उठावं लागलं का, सकाळची नाडी, आणि कुठकुठल्या गोळ्या घेतल्या, डायक्लोफिनॅकसकट. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनची, म्हणजे आतड्याच्या सुजेत वाढणाऱ्या प्रथिनाची, तपासणी करून घ्या. आकडा ५०च्या खाली असेल तर आतडं शांत, २५०च्या वर असेल तर सूज चालू आहे. औषध बदलल्यावर दोन-तीन महिन्यांनी तीच तपासणी परत केली की औषध लागू पडतंय का, हे दुर्बीण न घालता बरंच कळतं. आणि एनीमाची एक बाटली सोबत न्या. नर्सला सांगा, एकदा करून दाखवा. पहिल्या वेळी कुणी जवळ उभं राहून दाखवलं की दुसऱ्या रात्री घरी जमतं.

भाऊ, व्हिडिओ पाठवणाऱ्या चुलतभावाला एक काम सांगा. पुण्याला तो असेलच, तर तिथल्या मेडिकलवर मेसालामाइनच्या दाण्यांची पुडी आणि फेसाचा एनीमा मिळतो का, आणि केवढ्याला, एवढं विचारून ठेवू दे. जळगावात मिळालं नाही तर तुम्हाला त्याचाच उपयोग होईल.